पंचांगातील उत्तन

श्रावणी पौर्णिमा जवळ आली की शहरवासीयांस समुद्राचे स्मरण होते. एरवी समुद्र म्हणजे रविवारची सहल. भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेस बस धरावी, मुर्धा, राई, मोर्वा ही गावे आणि कोठे कोठे उरलेल्या मिठागरांच्या चौकटी मागे टाकाव्यात, डोंगरीचा चढ ओलांडावा, की उत्तन येते. माडांची सावली, चर्चचे पांढरे मनोरे, चार-दोन विश्रामगृहे आणि समोर अरबी समुद्र. मीरा-भाईंदर महानगराच्या हद्दीत असूनही हे गाव अद्याप गावच वाटते. परंतु उत्तन ज्यांना खरोखर पाहावयाचे आहे, त्यांनी तेथे एकदा नव्हे, वर्षभर जावे आणि जाण्यापूर्वी पंचांग उघडावे, असे आम्हांस वाटते.

कारण येथील समुद्र वार ओळखत नाही, तिथी ओळखतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ सुमाराने हाती येते, हा कोकणकिनाऱ्याचा जुना हिशेब. अष्टमीस सकाळी-सायंकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेस आणि अमावास्येस ती माध्यान्हीच्या आसपास. म्हणून पौर्णिमेच्या सायंकाळी लाटा पाहावयास गेलेल्या प्रवाशास खडक आणि चिखलच दिसतो आणि तो समुद्रास नावे ठेवून परततो. कोळ्याचा पोटापाण्याचा व्यवहार मात्र याच हिशेबावर चालतो. येथील डोल जाळी समुद्रात एका जागी बांधलेली असतात. पाण्याच्या ओढीबरोबर मासळी त्यांत शिरते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ओढ मोठी, अष्टमीच्या भांगात ती मंद. तिथी हीच त्यांची मिळकत.

उत्तनचे बहुसंख्य कोळी ख्रिस्ती आहेत, हे ध्यानी घेतले म्हणजे या पंचांगाची थोरवी अधिक उमगते. १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टीचा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला. येथील ख्रिस्ती धर्म त्या राजवटीत रुजला. उत्तनलगतच्या चौक येथील टेकडीवर उभे राहिले असता खाडीपलीकडे वसईचा किल्ला दिसतो. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत १७३९ साली प्रथम हे धारावी बेट आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई मराठ्यांच्या हाती आली. राजवटी बदलल्या, उपासना बदलली. भरती-ओहोटीचा हिशेब बदलला नाही. पाहू गेल्यास ईस्टरचा रविवारही वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून ठरतो आणि ईदही चंद्रदर्शनावरूनच. धारावी देवीचे मंदिर, वेलंकनी मातेचे चर्च आणि पिराचा दर्गा एकाच किनाऱ्यावर नांदतात, त्यांस एकाच चंद्राचा आधार आहे.

वर्षाचा आरंभ येथे नारळी पौर्णिमेस होतो, असे म्हटल्यास वावगे होऊ नये. ओढून ठेवलेल्या होड्या रंगवल्या जातात, पताका चढतात, सोनेरी वेष्टणातला नारळ समुद्रास अर्पण होतो. त्यात हिंदू कोळ्यांबरोबर ख्रिस्ती कोळीही सहभागी होतात. भाद्रपदाच्या सुमारास, ८ सप्टेंबरला, मातेच्या जन्मदिनाचा सण. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताचा आगेरा. पावसाने पाठ फिरवली, की बांबूच्या वलांडींवर बोंबील चढतात. जबड्यात जबडा अडकवून टांगलेल्या त्या जोड्यांच्या रांगा कार्तिक-मार्गशीर्षाच्या कोवळ्या उन्हात चांदीसारख्या चमकतात. नाताळात घरोघरी गव्हाणी सजतात. फाल्गुनाच्या मागेपुढे इंत्रूज आणि त्यापाठोपाठ उपवासकाळ. चैत्र-वैशाखात सुकी मासळी बांधून आगोटीची बेगमी होते. मग १ जूनला यांत्रिक होड्या किनाऱ्यास लागतात, जाळी विणायला घेतली जातात आणि गाव समुद्राकडे पाहत बसते.

या पाहत बसण्यातच आजची चिंता दडलेली आहे. पावसाळा हा अनेक जातींच्या मासळीच्या प्रजननाचा काळ. त्या काळी समुद्रास विसावा द्यावा आणि पौर्णिमेस नारळ देऊन त्याची अनुज्ञा घ्यावी, हा पूर्वजांचा नेम. राज्याच्या पूर्वीच्या नियमांतही १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोवर बंदी, अशी तरतूद होती. पुढे पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची मुदत आली. सरकारी तारीख आणि सणाची तिथी यांची फारकत झाली. २०२५ साली पौर्णिमा ऑगस्टच्या पूर्वार्धातच आली, म्हणून अंतर थोडे होते. २०२३ साली अधिक श्रावणामुळे ती ३० ऑगस्टला गेली आणि पूर्ण महिन्याचे अंतर पडले. १ ऑगस्टला होडी लोटावी, की नारळापर्यंत थांबावे? जो थांबतो त्याची चूल थंड राहते आणि जो थांबत नाही तो पहिला घास घेऊन जातो. म्हणूनच बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवावी, अशी मागणी खुद्द मच्छीमारांतूनच पुढे आली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने पापलेटास राज्यमाशाचा मान दिला. पण तळहाताएवढे पापलेट बाजारात येत असतील, तर त्या मानाचा अर्थ काय?

निसर्गाचा भरवसाही पूर्वीचा राहिला नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात 'क्यार' आणि 'महा' ही वादळे एकामागून एक अरबी समुद्रात उठली आणि ऐन हंगामात होड्या बंदरात अडकल्या. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' या किनाऱ्याला झोडपून गेले. वलांडीवरच्या बोंबलास एक अवकाळी सर पुरते. साऱ्या मेहनतीचे खत होते.

आणि आपण पाहुणे काय करतो? १९८५ साली नगर परिषद आणि २००२ साली महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांवर गेली होती. त्या साऱ्यांचा कचरा उत्तनच्याच धावगी डोंगरावरील प्रकल्पात येतो. तेथे वारंवार आगी लागतात आणि धुराचा त्रास होतो, म्हणून ग्रामस्थ वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. रविवारचा पाहुणा किनाऱ्यावर टाकतो ती पिशवी भरतीबरोबर समुद्रात जाते आणि उधाणात डोलीतून मासळीबरोबर बाहेर येते. देवास नैवेद्य दाखवून त्याच्याच गाभाऱ्यात उष्टे टाकावे, असा हा प्रकार आहे.

तेव्हा वाचकांनी उत्तनला जरूर जावे. नारळी पौर्णिमेस होड्यांचा सोहळा पाहण्यास जावे, मार्गशीर्षात वलांडी पाहण्यास जावे, ज्येष्ठात रिकाम्या बंदराची शांतताही अनुभवण्यास जावे. अष्टमीच्या सायंकाळी गेल्यास पायाशी भरती असेल. कोळणीच्या पाटीतील मासळी घेताना आकार पाहून घ्यावी. लहान पापलेट नको म्हणावे. येताना आपला कचरा आपल्याबरोबर आणावा. नारळ अर्पण करणे म्हणजे समुद्रास दिलेला शब्द होय. तो शब्द एकट्या कोळ्याने पाळावा आणि आपण केवळ मासे खावेत, हे न्यायाचे नाही. दर्याराजा शांत होवो, त्याचे भांडार भरलेले राहो आणि ते राखण्याची बुद्धी आपणा सर्वांस होवो, हीच या पौर्णिमेस प्रार्थना.