तान्हा पोळा, नाताळ आणि बाजार

लाकडी बैल घेऊन दारोदार हिंडण्याची मौज आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. परंतु त्या वेळी हातावर पडणाऱ्या बोजाऱ्याचा अर्थ काय, असे विचारल्यास उत्तर देणारे थोडेच निघतील. ह्या लेखात त्याच अर्थाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. कारण तो विसरला गेला म्हणजे सणाचा बाजार होण्यास वेळ लागत नाही.

प्रथम थोरला पोळा पाहू. तो श्रावण अमावास्येस येतो. वर्षभर नांगर व बंडी ओढणाऱ्या बैलाच्या मानेवर त्या दिवशी जू ठेवीत नाहीत. आदल्या दिवशी त्याचे खांदे हळद व तूप लावून शेकतात. सणाच्या दिवशी त्यास न्हाऊ घालून शिंगे रंगवितात, बाशिंग बांधतात व पाठीवर झूल घालतात. तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या म्हटल्या जातात आणि पोळा फुटल्यावर बैल घरोघर नेतात. घरधनीण बैलाची पूजा करते, त्यास घास चारते व बैल आणणाऱ्या गड्याच्या हातावर बोजारा ठेवते. ज्याच्या श्रमावर घर चालते त्या मुक्या प्राण्याचा आणि त्यास सांभाळणाऱ्या माणसाचा हा मान होय. झूल रेशमी की सुती, हे पाहून तो कमीअधिक करावयाचा नसतो.

दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा. नागपूरचे दुसरे रघुजीराजे भोसले यांनी तो १८०६ साली सुरू केला, असे सांगण्यात येते. मुलांच्या हाती खरा बैल देता येत नाही, म्हणून लाकडाचा बैल आला. वडीलमाणसे आदल्या दिवशी जी कृतज्ञता आचरतात, तीच मुलांनी खेळता खेळता शिकावी, असा ह्या सणाचा सरळ अर्थ दिसतो. मुलास मिळणारा बोजारा हा त्या शिक्षणाचाच भाग आहे. ती भिक्षाही नव्हे आणि बक्षीसही नव्हे.

सुताराने बैल घडवावा, रंगाऱ्याने तो रंगवावा व दोघांस योग्य मोल मिळावे, ह्यात वावगे काही नाही. त्यांच्याही घरी सण असतोच. परंतु सजावटीच्या स्पर्धा आल्या, बक्षिसे आली, तशी थोर बैल आणण्याची चढाओढ लागली. काखेत मावणारा बैल वाढत वाढत असा झाला की, तो ओढण्यास वडीलमाणसे लागू लागली. मग मान श्रमाकडून किमतीकडे वळला. ज्या बापास एवढा खर्च झेपत नाही, त्याचा मुलगा आपला जुना बैल कोनाड्यात तसाच ठेवून घरी बसतो. सण ज्याच्यासाठी, तोच सणाबाहेर राहिला, तर उरलेल्या थाटास काय म्हणावे?

हा रोग केवळ नागपूरचा नाही. १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडन शहरी चार्ल्स डिकन्स यांची 'अ ख्रिसमस कॅरल' ही कथा प्रसिद्ध झाली. स्क्रूज नावाच्या कृपणास नाताळ म्हणजे वायफळ खर्च वाटतो. शेवटी त्यास आपल्या कारकुनाच्या आजारी मुलाचे दुःख दिसते व तो बदलतो. नाताळाच्या आदल्या दिवसापर्यंत ह्या कथेच्या ६,००० प्रती खपल्या. पण पुढल्याच महिन्यात एका प्रकाशनाने तिची चोरटी आवृत्ती काढली! डिकन्स यांनी फिर्याद केली व ते जिंकलेही. तथापि प्रतिपक्षाचे दिवाळे निघाल्याने खर्चाचा बोजा त्यांच्याच माथी आला. लोभाविरुद्ध लिहिलेली गोष्ट लोभानेच लुटली.

१९५७ साली अमेरिकेतील डॉ. स्यूस यांनी मुलांसाठी ग्रिंचची गोष्ट लिहिली. हा ग्रिंच नाताळाच्या रात्री एका गावातील भेटी, झाडे व खाऊ चोरून नेतो, अशासाठी की सकाळी सण होऊच नये. सकाळी मात्र गावकरी हातात हात घालून गात असतात. सण दुकानातून येत नसावा, हा विचार त्यास तेव्हा प्रथमच सुचतो. आज त्याच ग्रिंचची बाहुली दुकानात विकत मिळते, हे आमच्या चतुर वाचकांनी ध्यानी घ्यावे.

ह्या गोष्टीतून एक कसोटी हाती येते. सणातून विकत घेतलेले सर्व काही क्षणभर काढून ठेवावे आणि काय उरते ते पाहावे. तान्ह्या पोळ्यातून रंग व बक्षीस काढले, तरी विसावलेला बैल, शेजाऱ्याचे उघडे दार आणि हातावरचा बोजारा उरतो. आम्ही ख्रिस्ती लोकांनी हीच कसोटी आमच्या नाताळास प्रथम लावावी. चांदणी, केक व नवे कपडे दूर केल्यावर गोठ्यात जन्मलेले एक गरीब बालक उरते. त्याच्या नावाने जो थाट करावयाचा, त्यात गरिबाच्या मुलास जागा नसेल, तर तो थाट कोणासाठी?

तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून व पिवळी १८८५ पासून निघते, असे मानतात. त्यांच्याबरोबर बडगे असतात. लोकांस छळणाऱ्या गोष्टींची ती सोंगे शहराबाहेर नेऊन जाळतात. लोभाचा बडगा मात्र प्रत्येकाने आपल्या घरातूनच काढावा लागेल.

पालकांस आमची विनंती अशी की, थोरल्या भावाचा बैल धाकट्यास द्यावा. पाय मोडला असल्यास जोडावा व मुलाकडूनच रंगवून घ्यावा. दारी येणाऱ्या सर्व मुलांस सारखाच बोजारा घालावा. आणि विद्यार्थ्यांनो, ज्याच्याजवळ बैल नाही अशा सोबत्यास हाक मारा, दोरीचे एक टोक त्याच्या हाती द्या आणि मिळालेला बोजारा दोघे अर्धा अर्धा वाटून घ्या.