सुटकेनंतरचा खर्च

जुलै २०१४ मध्ये उत्तर प्रदेशात राजू नावाचा हत्ती साखळदंडांतून सुटला आणि ती बातमी जगभर गेली. अशा वेळी लोक सढळ हाताने देतात. खरा खर्च मात्र तिथून पुढे सुरू होतो. प्रौढ हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा आणि शंभर लिटरहून अधिक पाणी लागतं, तेही अनेक वर्षं. डांबरावर चालून, सिमेंटवर बांधलेलं राहून अशा सुटका झालेल्या हत्तीचे तळवे झिजलेले असतात, नखांशी गळवं होतात, सांधे धरतात. औषधी पाण्यात पाय बुडवून ठेवणं, जखमा धुणं हे रोजचंच. वाइल्डलाइफ एसओएस या वन्यजीव संस्थेने २०१८ साली मथुरेजवळ हत्तींचं रुग्णालय उभारलं. इमारतीला, यंत्राला देणगीदार मिळतो. माहुताच्या पगाराला मिळणं अवघड. म्हणूनच एकरकमी देणगीपेक्षा दरमहा न चुकता येणारी छोटी रक्कम मला अधिक मोलाची वाटते.

हा पैसा रानातल्या हत्तींच्या अधिवासासाठी का नको, हा आक्षेप गंभीर आहे. एका हत्तीच्या शुश्रूषेने प्रजाती वाचत नाही, हे खरं. पण आयुष्यभर माणसांत राहून अधू झालेला प्राणी जंगलात सोडता येत नाही. त्याची देखभाल ही माणसाने केलेल्या नुकसानीची भरपाई आहे. तिचा निधी संवर्धनाच्या निधीपासून वेगळा ठेवावा आणि दात्याला तसं स्पष्ट सांगावं. पर्यटकांना पाठीवर फिरवून हत्तीने आपला चारा कमवावा, ही सूचना मात्र मुळीच स्वीकारू नये. ज्या कामाने त्याचे पाय गेले, त्याच कामाला त्याला पुन्हा जुंपणं होईल ते.