हंगामी कामगाराचं वर्ष किती महिन्यांचं?

अकोले इथल्या अगस्ती सहकारी साखर कारखान्यासारख्या ठिकाणी गाळप काही महिनेच चालतं. मग हंगामी कामगाराची नोकरी पेन्शनसाठी किती धरायची? १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेनं याचं उत्तर माणुसकीनं दिलंय: हंगामात केलेलं काम पूर्ण वर्षाचं धरायचं. अशी दहा वर्षं भरली की ५८ व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क मिळतो.

हिशेब सोपा आहे. पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० नं भागायचं. पगार १५,००० आणि सेवा १४ वर्षं असेल, तर महिन्याला ३,००० रुपये. यातलं एकच वर्ष नोंदीतून गळलं, तर दरमहा २१४ रुपये कमी, तेही आयुष्यभर. आणि दहातलं एक गळलं, तर मासिक पेन्शनच हुकते!

ही पेन्शन योजना चालवणाऱ्या कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळावर सरकार, मालक आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी बसतात. ही रचना चांगलीच आहे. पण अकोल्यातल्या कामगाराची एक चुकलेली तारीख दिल्लीतल्या बैठकीत कुणाला दिसणार? ती त्यालाच दिसू शकते, त्याच्या निधीच्या पासबुकात. मालकाच्या वाट्यातून पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम पेन्शन खात्यात जाते, आणि पासबुकात तिचा वेगळा रकाना असतो. प्रत्येक महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा.

तेव्हा हंगाम संपला की पासबुक उघडा. जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख आणि पेन्शनचा रकाना तपासा. चूक दिसली तर निवृत्तीची वाट न पाहता लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.