पक्षादेश आणि स्वमत : रत्नागिरीच्या राजकारणाचा एक मागोवा (१९५६–२०२५)

रत्नागिरी जिल्ह्याने विचारांचे आणि चारित्र्याचे राजकारण केले, असे कोकणाबाहेरही मानले जाते. मात्र या लौकिकाची खरी परीक्षा निवडणुकीतल्या विजयांपेक्षा स्वतःचे मत आणि पक्षाची आज्ञा यांत लोकप्रतिनिधीची ओढाताण झाली अशा मोजक्या प्रसंगांत झाली. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत गोव्याच्या सीमेपर्यंतचा सारा मुलूख याच जिल्ह्यात मोडत असे, आणि तेव्हाचा राजापूर लोकसभा मतदारसंघ या मागोव्यात वारंवार येतो.

ही ओढाताण प्रथम तीव्र झाली ती संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर. मुंबई महाराष्ट्राला नाकारण्याच्या भूमिकेच्या निषेधार्थ केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी जुलै १९५६ मध्ये पदत्याग केला. ते शेजारच्या कुलाबा मतदारसंघाचे खासदार होते आणि सनदी सेवेतून राजकारणात आले होते, त्यामुळे काँग्रेस संघटनेशी त्यांचे नाते सैल होते. ज्या कार्यकर्त्याची उमेदीची वर्षे काँग्रेसच्या चळवळीत आणि तुरुंगात सरली होती, त्याला मात्र पक्ष सोडणे म्हणजे स्वतःचा भूतकाळ सोडण्यासारखे होते, आणि कोकणातील अनेक काँग्रेसजन मनाने संयुक्त महाराष्ट्राचे असूनही पक्षातच राहिले ते यामुळे. मतदारांना असा पेच नव्हता. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत राजापूरमधून प्रजा समाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै निवडून आले, आणि त्याच लाटेत रत्नागिरीची जागा जनसंघाचे प्रेमजीभाई आसर यांच्याकडे गेली. भाषिक राज्यासाठी समाजवादी आणि जनसंघीय एका मांडवाखाली आले, याचे त्या वेळी फारसे कोणाला वावगे वाटले नाही. बावीस वर्षांनी याच जवळिकीवरून केंद्रातले एक सरकार कोसळणार होते.

नाथ पै यांची कसोटी वेगळ्या प्रकारची होती. संसदेला मूलभूत हक्कांना बाधा आणणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात फेब्रुवारी १९६७ मध्ये दिला, तेव्हा संसदेचा हा अधिकार पुन्हा प्रस्थापित करणारे खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक, त्यांनी लोकसभेत आणले. सत्ताधारी काँग्रेसला ते सोयीचे होते आणि विरोधी बाकांवरच्या त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना, त्यांत काही समाजवादीही आले, ते धोक्याचे वाटत होते. तरीही लोकनियुक्त संसद हीच सार्वभौम, या आपल्या श्रद्धेपासून ते ढळले नाहीत. जानेवारी १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर ते विधेयक संमत झाले नव्हते. त्याचा आशय त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने प्रत्यक्षात आला, आणि पुढे आणीबाणीत घटनादुरुस्तीचा अधिकार कसा वापरला गेला हे पाहता विरोधकांची भीती अगदीच निराधार नव्हती, असे म्हणावे लागते. नाथ पैंच्या जागी राजापूरमधून निवडून आलेले प्रा. मधु दंडवते त्या काळात बंगळूरच्या तुरुंगात होते.

दंडवते यांच्या वाट्याला आलेला १९७९ चा पेच या साऱ्या कालखंडात सर्वांत अवघड मानावा लागेल. जनता पक्षात विलीन झालेल्या जनसंघाच्या सदस्यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशीही संबंध ठेवावा की नाही, हा ‘दुहेरी सदस्यत्वा’चा वाद मधु लिमये आदींनी लावून धरला होता, आणि तत्त्व म्हणून तो समाजवाद्यांना जिव्हाळ्याचा होता. जुलैमध्ये यशवंतराव चव्हाण यांनी अविश्वासाचा ठराव मांडला, तेव्हा जॉर्ज फर्नांडिस यांनी सभागृहात सरकारचे जोरदार समर्थन केले आणि अवघ्या काही दिवसांत ते सरकारमधून बाहेर पडले. त्याच समाजवादी घडणीतले रेल्वेमंत्री दंडवते मात्र मोरारजी देसाई यांचे सरकार पडल्यावरही जनता पक्षातच राहिले. त्यांचे हे राहणे केवळ पक्षनिष्ठा म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण आणीबाणीविरुद्ध मतदारांनी दिलेला कौल मोडू नये हेही तत्त्वच होते. एका तत्त्वाविरुद्ध दुसरे तत्त्व उभे राहिले की पक्ष निमित्तमात्र उरतो. १९८० मध्ये पक्षाची देशभर वाताहत झाली असता राजापूरने दंडवत्यांना पुन्हा निवडून दिले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये उरलेल्या जनता पक्षाने दुहेरी सदस्यत्व नामंजूर केले आणि जनसंघीय बाहेर पडून भारतीय जनता पक्ष स्थापन झाला. दंडवते आणि फर्नांडिस यांच्या वाटा १९७९ मध्ये वेगळ्या झाल्या होत्या, पण १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले तेव्हा एक अर्थमंत्री होता आणि दुसरा रेल्वेमंत्री.

दरम्यान १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. पक्षादेश, म्हणजे सभागृहात मत कसे द्यावे याविषयी पक्षाने काढलेला आदेश, मोडणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व त्यामुळे धोक्यात येऊ लागले. परंतु एक तृतीयांश सदस्य एकत्र फुटले तर त्यांना संरक्षण होते, आणि २००३ मध्ये ती तरतूद गेल्यावरही दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट मोकळी राहिली. एकट्याचा विवेक दंडनीय आणि घाऊक विवेक वैध, अशी ही विचित्र रचना आहे.

कायद्याच्या कक्षेबाहेर पक्षप्रमुखाचा शब्द पुरेसा असतो, हे ऑगस्ट २००२ मध्ये दिसले. राजापूरचे शिवसेनेचे खासदार सुरेश प्रभू ऊर्जामंत्री म्हणून वीज क्षेत्राच्या सुधारणांचे विधेयक पुढे नेत असताना पक्षाच्या आदेशावरून त्यांना राजीनामा द्यावा लागला, आणि ते खाते मिळाले त्यांच्याच पक्षाचे रत्नागिरीचे खासदार अनंत गीते यांना. प्रभूंच्या मंत्रिपदाचा पक्षाला उपयोग होत नाही, ही नाराजी तेव्हा उघड चर्चिली गेली होती. प्रभू यांनी त्यानंतरही २००४ आणि २००९ च्या निवडणुका शिवसेनेकडूनच लढवल्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये ज्या दिवशी ते भाजपमध्ये गेले, त्याच दिवशी त्यांनी केंद्रीय मंत्रिपदाची शपथ घेतली. बारा वर्षे थांबणे ही निष्ठा की संधीची प्रतीक्षा, हे ठरवण्याचे माप इतिहासाकडे नाही.

राजापूर तालुक्यातील तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वादात भूमिकांची अदलाबदल इतकी झाली की मूळ मत कोणाचे कोणते, हेच शोधावे लागते. प्रकल्पासाठी नाणारच्या भूसंपादनाची अधिसूचना शिवसेनेच्याच उद्योगमंत्र्यांच्या खात्याने काढली होती. एप्रिल २०१८ मध्ये नाणारच्या सभेत पक्षप्रमुख उद्धव ठाकरे यांच्या उपस्थितीत ते मंत्री, सुभाष देसाई, यांनी ती रद्द केल्याचे जाहीर केले, आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ते देसाईंचे वैयक्तिक मत असल्याचे सांगितले. पक्षाची आज्ञा पाळणाऱ्या मंत्र्याचे वर्तन ‘वैयक्तिक मत’ ठरावे, हा प्रकार या जिल्ह्यालाही नवा होता. पुढे जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री म्हणून ठाकरे यांनीच बारसूची पर्यायी जागा केंद्राला सुचवली आणि मे २०२३ मध्ये बारसूत जाऊन ते प्रकल्पाच्या विरोधकांच्या बाजूने उभे राहिले.

स्थानिक आमदार राजन साळवी या काळात ठाकरे यांच्या पक्षात राहून प्रकल्पाला उघड पाठिंबा देत होते. शिवसेनेच्या जून २०२२ च्या फुटीत रत्नागिरीचे उदय सामंत एकनाथ शिंदे यांच्याकडे गेले, साळवी गेले नाहीत. म्हणजे प्रकल्पाबाबत पक्षाशी मतभेद आणि संघटनेत पक्षाशी निष्ठा, असे दुर्मीळ मिश्रण त्यांच्या ठायी काही काळ होते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत उदय सामंतांचे बंधू किरण यांनी त्यांचा पराभव केला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये साळवी शिंदे यांच्या शिवसेनेत गेले. त्या पक्षांतराच्या वेळी चर्चा झाली ती पक्षांतर्गत नाराजीची. बारसूबद्दलच्या मताला त्यात जवळजवळ स्थान नव्हते.