माल कोठून आला, हे आता सांगावे लागेल

पेणमध्ये आमचा कापडाचा धंदा आहे. किरकोळ विक्रीबरोबरच रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याला आम्ही कामगारांच्या गणवेशाचे कापड पुरवतो. दोन वर्षांपूर्वी तेथून ऑर्डरबरोबर चार पानांचा इंग्रजी फॉर्म आला. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले, म्हणून तो मुलाकडून वाचून घेतला. तुमच्याकडे किंवा तुम्हाला माल देणाऱ्याकडे लहान मुले कामाला आहेत काय? किमान वेतनापेक्षा कमी मजुरी दिली जाते काय? उचल देऊन कोणास अडकवून ठेवले आहे काय? प्रत्येक प्रश्नापुढे ‘नाही’ लिहून आम्ही सही ठोकली. कापड भिवंडीच्या मागावर विणले जाते एवढेच आम्हाला ठाऊक होते. तो माग आम्ही कधी पाहिलाही नव्हता.

असे फॉर्म आता अनेक लहान व्यापाऱ्यांकडे येऊ लागले आहेत. त्यामागे काय आहे, हे समजून घेणे जरूर आहे.

हा कायदा आहे तरी काय?

सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीतील एका कपड्यांच्या कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार दगावले. बाहेर पडण्याचे दरवाजे बंद होते. तेथला बहुतेक माल एका जर्मन कंपनीसाठी तयार होत असे. पुढे २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे गेली. आदल्या दिवशीच भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत पाठवण्यात आले होते. ढिगाऱ्यात युरोपातील नामांकित कंपन्यांची लेबले सापडली. त्या कंपन्यांपैकी अनेकांचे उत्तर एकच होते: कारखाना आमचा नव्हे, आम्ही फक्त गिऱ्हाईक.

हे उत्तर चालू नये म्हणून कायदे झाले. फ्रान्सने २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांवर दक्षतेचे बंधन घातले. जर्मनीचा कायदा २०२१ मध्ये मंजूर झाला. १ जानेवारी २०२३ पासून तीन हजार आणि २०२४ पासून एक हजार कामगार असलेल्या कंपन्यांना तो लागू झाला. आपल्या मालाच्या मागे कोठे बालमजुरी, वेठबिगारी किंवा जिवाला धोका आहे काय, याचा कंपनीने स्वतः शोध घ्यायचा आणि आढळल्यास उपाय करायचा. कसूर झाल्यास जबर दंडाची तरतूद आहे. अमेरिकेने जून २०२२ पासून चीनच्या शिंजियांग प्रांतातील मालाबाबत नियम उलटाच केला: तेथील कापूस सक्तीच्या मजुरीचा नाही, हे आणणाऱ्यानेच सिद्ध करायचे.

सर्व युरोपसाठीचा कायदा २०२४ मध्ये झाला. उद्योगांच्या तक्रारींमुळे २०२५ मध्ये त्याची मुदत पुढे ढकलली गेली आणि त्याची व्याप्ती कमी करण्याचे पाऊलही उचलले गेले. म्हणून कोणी म्हणेल की हे वारे ओसरले. आम्हाला तसे वाटत नाही. सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना दरवर्षी जो अहवाल सक्तीचा केला, त्यात मानवी हक्कांचे प्रकरण आहे. म्हणजे प्रश्न विचारणारे आता आपल्या देशातही आहेत.

रोह्याशी संबंध काय?

रोहा म्हटले की आपल्याला कुंडलिका नदी आणि धाटावचे रसायनांचे कारखाने आठवतात. तेथला माल परदेशात जातो. रोहा आणि महाड येथे कारखाने असलेल्या सुदर्शन केमिकल या रंगद्रव्याच्या कंपनीने २०२५ मध्ये जर्मनीचा ह्यूबाख समूहच खरेदी केला, इतका हा संबंध जवळचा झाला आहे. परदेशी गिऱ्हाईक कारखान्याला विचारते, कारखाना ठेकेदाराला व पुरवठादाराला विचारतो, आणि तो कागद फिरत फिरत पेणच्या कापड दुकानात येतो.

यात एक गफलत होते. वरचा माणूस खालच्याची सही घेऊन मोकळा होतो. जबाबदारी अशी सरसकट पुरवठादारावर ढकलता येणार नाही, असे देखरेख करणाऱ्या जर्मन सरकारी कार्यालयानेच २०२३ मध्ये बजावले आहे. दोष आढळला की पुरवठादाराला लगेच तोडावे, असेही तो कायदा सांगत नाही. आधी सुधारणा करायची, संबंध तोडणे हा शेवटचा उपाय.

गेल्या वर्षी फॉर्म पुन्हा आला, तेव्हा आम्ही सही करण्याआधी भिवंडीला गेलो. मागावर मूल दिसले नाही. परंतु बारा तासांची पाळी होती, मजुरी मीटरवर होती आणि हजेरीचे पुस्तक नव्हते. एका कारागिराने सांगितले की भिस्सीच्या जेवणाचे पैसे वळते करून गावी पाठवायला फारसे उरत नाही. माग मालकाने आम्हालाच उलट विचारले, “सेठ, मीटरमागे भाव किती वाढवता?” आम्ही गप्प बसलो. फॉर्मवर मात्र पाहिले तेवढे लिहिले. कारखान्याच्या खरेदी विभागाचे म्हणणे पडले की सरळ ‘नाही’ लिहा, कागद अडकेल. कागद अडकला, ऑर्डर उशिरा आली, पण आली.

वीट जर्मनीला जात नाही

आता जी गोष्ट आम्हाला सर्वात जास्त बोचते, ती सांगतो. गणपतीच्या तोंडावर आसपासच्या वाड्यांतील कातकरी कुटुंबे आमच्या दुकानात येतात. लुगडे घेतात, पोरांना कपडे घेतात आणि रोख पैसे देतात. तो पैसा बहुधा वीटभट्टीच्या किंवा कोळसाभट्टीच्या बयाण्याचा असतो. पावसाळ्यात घरातले धान्य संपते, तेव्हा मुकादम उचल देतो. दिवाळीनंतर सारे कुटुंब भट्टीवर जाते, मुलांची शाळा सुटते आणि पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. अनेकांच्या हिशेबात बाकी उरतेच. ती फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा भट्टी. हा पैसा वर्षानुवर्षे आमच्या गल्ल्यात आला आणि आम्ही त्याला हंगामाची बरकत म्हटले.

जर्मनीचा कायदा या कुटुंबापर्यंत पोचणार नाही, कारण पेणची वीट जर्मनीला जात नाही. ती आपल्या घरांच्या आणि दुकानांच्या भिंतींत जाते. पण आपला कायदा तेथे पोचतो, आणि तो जर्मनीपेक्षा कितीतरी जुना आहे. घटनेच्या २३ व्या कलमाने वेठ बंद केली. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्जच रद्द ठरवले. ते वसूल करणे हाच गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. १९८२ च्या एशियाड कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम घेणे ही सक्तीची मजुरीच होय, आणि ठेकेदाराकडे बोट दाखवून सरकारला सुटता येणार नाही. ठेकेदाराने मजुरी बुडवल्यास मूळ मालकाने ती द्यावी, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेतही आहे. तेव्हा ‘तो माणूस माझा नव्हे’ ही सबब आपल्याकडेही कधीच चालणारी नव्हती.

आपण काय करावे?

फॉर्म न वाचता सही करू नये. माहीत नसेल तेथे ‘माहीत नाही’ असे लिहावे. खोटी सही उद्या आपल्याच गळ्यात येते. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर माल जेथे तयार झाला तेथला पत्ता मागावा. वर्षातून एकदा स्वतः जाऊन पाहावे. फॉर्म पाठवणाऱ्याला भावाबद्दलही विचारावे, कारण भाव पाडून मजुरी वाढत नाही. घर किंवा दुकान बांधताना ठेकेदाराला वीट कोणत्या भट्टीची, हे विचारावे. उचलीत अडकलेले कुटुंब आढळल्यास उपविभागीय अधिकाऱ्यांना लेखी कळवावे; त्यांची कचेरी पेणला आहे, रोह्यालाही आहे. सुटका झालेल्या प्रौढ पुरुषाला एक लाख आणि स्त्रिया व मुलांना दोन लाख रुपयांपर्यंत पुनर्वसनाची मदत देणारी केंद्राची योजना २०१६ पासून आहे.

मजुराची मजुरी वेळेवर चुकती करावी, हे आपण लहानपणापासून घरात ऐकत आलो. आपल्या नोकराच्या बाबतीत बहुतेक व्यापारी ते पाळतातही. नव्या कायद्यांचे म्हणणे एवढेच की जो मजूर आपल्याला दिसत नाही, त्याचाही हिशेब आपल्या वहीत असावा. भिवंडीच्या माग मालकाच्या प्रश्नाला आम्ही यंदा उत्तर दिले आणि मीटरमागे दोन रुपये वाढवले, या अटीवर की हजेरीचे पुस्तक ठेवले जाईल. कारखान्याकडून अद्याप आम्हाला एक रुपयाही वाढवून मिळालेला नाही. पुढच्या फॉर्मबरोबर आम्ही तो मागणार आहोत.