शेळीचं कर्ज खरंच थकतं का?

बैठकीत कुणीतरी सहज बोलून जातं, "शेळीला दिलेलं कर्ज थकतंच." दोघी-तिघी माना डोलावतात, आणि शेळीसाठी अर्ज केलेली बाई रिकाम्या हाताने घरी जाते. अशा वेळी आम्ही म्हणतो, आधी वही उघडा.

समजा, ग्रामसंघात १०० जणींना कर्ज दिलं. शेळीसाठी ४०, इतर कामांसाठी ६०. थकली २०, त्यात शेळीची १०, इतर १०. म्हणजे शेळीची शेकडा २५ थकली, इतर साधारण १७. फरक दिसतो. पण तो खरा, की योगायोगाचा?

हे तपासायला काय-स्क्वेअर कसोटी आहे. 'काय' हे ग्रीक अक्षराचं नाव. कार्ल पिअर्सन यांनी ही कसोटी १९०० मध्ये मांडली.

वहीत चार घरं आखा: शेळीची थकलेली, शेळीची वेळेवर फिटलेली, इतर थकलेली, इतर वेळेवर फिटलेली. आता धरून चाला की, शेळीचा आणि थकण्याचा काही संबंध नाही. १०० मध्ये २० थकली, तर ४० मध्ये ८ आणि ६० मध्ये १२ थकायला हवीत. फिटलेली ३२ आणि ४८ हवीत. हे झाले अपेक्षित आकडे. खऱ्या आकड्यांशी प्रत्येक घरात फरक २ चा. २ चा वर्ग ४. या ४ ला अनुक्रमे ८, १२, ३२ आणि ४८ ने भागा. चारही उत्तरांची बेरीज येते १.०४.

चार घरांच्या तक्त्याला सीमा ३.८४. संबंध नसताना निव्वळ योगायोगाने बेरीज त्यापुढे शंभरात साधारण पाच वेळाच जाते. आपली बेरीज बरीच खाली आहे. म्हणजे एवढ्या नोंदींवरून शेळीला दोष देता येत नाही. शेळीची १२ आणि इतर ८ थकली असती, तर बेरीज ४.१७ झाली असती.

तीन गोष्टी सांभाळा. घरांत टक्के नव्हे, मोजलेली कर्जं लिहा. एका बाईचं एकच कर्ज धरा. अपेक्षित आकडा कुठल्याच घरात ५ च्या खाली नको. म्हणून दहा-बारा जणींच्या एका गटाच्या नोंदी पुरत नाहीत.

आणि बेरीज सीमेपुढे गेली, तरी कारण कळत नाही. हप्ता दर महिन्याला आणि पैसा मात्र बोकड विकल्यावर, असंही असेल. तेव्हा हप्त्याची तारीख बदलून पाहा. अर्ज नाकारण्याआधी एवढा हिशेब त्या बाईसाठी करायलाच हवा.