चित्राच्या एक्स-रेत काय दिसतं?

जुन्या चित्राचा एक्स-रे काढला की खाली दडलेलं दुसरं चित्र रंगांसकट समोर येतं, असा पुष्कळांचा समज असतो. फिल्मवर रंग येतच नाहीत. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातून छातीचा एक्स-रे काढून आणलेल्या कुणालाही हे पटेल: हाडं किरण अडवतात म्हणून पांढरी, फुप्फुसांतून ते पार जातात म्हणून काळी. चित्रात हाडांची जागा शिशाचा सफेदा घेतो, काही प्रमाणात पाऱ्याचा हिंगूळही. काजळी आणि नीळ किरणांना जवळजवळ अडवतच नाहीत. म्हणून नाकाच्या शेंड्यावर सफेद्याने उठवलेला उजेड लख्ख दिसतो, काळा अंगरखा मात्र विरून जातो. कोळशाची पहिली रेघही इथे सापडत नाही; तिच्यासाठी अवरक्त किरण लागतात.

दुसरा समज असा, की खाली काही निघालं म्हणजे चित्रकाराने ते मुद्दाम लपवलं. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयातली पोर्तुगीज व्हाइसरॉयांची चित्रं बघा. १५४७ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर जुआंव द कास्त्रो यांनी ही मालिका सुरू करवली. आखणी इतिहासकार गास्पार कोरेया यांची, रंगकाम तिथल्याच एका चित्रकाराचं. पुढे ही चित्रं खराब होत गेली आणि पुन्हापुन्हा रंगवली गेली. आज दिसणारा चेहरा सोळाव्या शतकातलाच आहे, असं नुसत्या डोळ्यांनी ठरवताच येत नाही. इथे लपवाछपवी कुणाचीच नाही, डागडुजी आहे. आणि तिचे थर ओळखायला एक्स-रेची मोलाची मदत होते.

मात्र फिल्मवर सगळे थर एकमेकांत मिसळतात: लाकडाच्या रेषा, खिळे, मागची बाजूसुद्धा. २०२२ मध्ये एडिनबराला व्हॅन गॉगच्या एका चित्राच्या एक्स-रेत त्याचा स्वतःचा मानला जाणारा चेहरा दिसला. तो रंगाखाली नव्हता. कॅनव्हासच्या पाठीवर, गोंदाने चिकटवलेल्या पुठ्ठ्याआड होता.

या किरणांनी चित्र खराब होतं, ही भीतीही निराधार आहे. तपासणीपुरत्या किरणांनी रंग उडत नाहीत.

आणि अजिंठा? नेहमीच्या एक्स-रेसाठी चित्राच्या मागे फिल्म धरावी लागते. तिथे मागे अख्खा डोंगर आहे. भिंतीसमोर धरलेल्या उपकरणाने रंगातली मूलद्रव्यं तेवढी ओळखता येतात: गेरूतलं लोखंड, हिरव्या मातीतलंही.